सतरा नंबरचं अत्तर

आठ मार्चच्या सकाळी आरशासमोर उभी राहून लुंबिनीने जाहीर केलं, "आज कोणीतरी विचारणारच!"

जाहीर केलं म्हणजे मनात. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. चाकूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती, आणि तरी वैजनाथ शिपाई अधूनमधून तिला फाटकात अडवायचा, "कोण पायजे बाई तुम्हाला?" पाण्यात साखर विरघळावी तशी ती स्टाफरूममध्ये विरघळून जायची. फरक एवढाच, की गोडी वाढल्याचं कोणाच्या लक्षात यायचं नाही.

आता कोणी विचारायचं तरी काय? तर एवढंच, "मॅडम, हा वास कुठला?"

बस्स. चार शब्द. या चार शब्दांची ती तीन वर्षं वाट पाहत होती.

लुंबिनीला नटण्याची हौस होती, पण ती प्रयोगवहीत नोंदवण्याजोगी. केस असे कुरळे, की कंगवा आत गेला तर येताना दोन दात कमी घेऊन बाहेर यायचा! तिने जवस पाण्यात शिजवून, गाळून, त्याचा बुळबुळीत रस केसांना लावायला सुरुवात केली, आणि त्याच बटा प्रार्थनेला उभ्या असलेल्या वर्गासारख्या शिस्तीत आल्या. साबण अल्कधर्मी, शिकेकाई आम्लधर्मी, म्हणून डोक्याला शिकेकाईच. रविवारी न्हाणं झालं की ओल्या केसांना नागरमोथ्याची धुरी. त्या धुरात डोळे मिटून बसली की अर्धा तास ती चाकुरात नसायचीच.

"जवसाची चटणी करतात गं माय!" तिची आई सरजाबाई म्हणायची. "डोक्याला कोण लावतं? उद्या पोहे लावशील!"

आणि मग ते अत्तर. परसातला गवती चहा तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पोरांचं प्रॅक्टिकल आटोपल्यावर, रीतसर ऊर्ध्वपातन करून उतरवला. रोशा गवताचं तेल नांदेडच्या एका जुन्या अत्तरवाल्याकडून आणलं. पहिली सोळा मिश्रणं फसली. चौथ्याला ओल्या घोंगडीचा वास यायचा. नवव्याने दोन दिवस डोकं धरलं. तेरावं लावलं की गल्लीतली मांजरं मागे लागायची. सतराव्यात तिने वाळा घातला, अगदी दोन टक्के, आणि जमलं!

कसा होता तो वास? झाकण उघडलं की आधी पहाटेचं गवत, मग कुठेतरी लांब गुलाब, आणि सगळ्यांत शेवटी माठातलं गार पाणी. तो घेतला की वाटायचं, कोणीतरी आपल्याला हाक मारतंय, आणि कुठे जायचं ते आपल्याला ठाऊक आहे. लुंबिनी चालता चालता थांबायची. एकदा तर तासाची घंटा होऊन गेली तरी ती जिन्यातच उभी होती.

पण विचारत कोणी नव्हतं! एसटीत नाही, बाजारात नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच.

म्हणून महिला दिन. दोनशे बाया, बंद सभागृह, आठ पंखे, त्यातले पाच चालू. लुंबिनीने हिशेब करून ठेवला होता. केसांत तीन थेंब टाकून तिसऱ्या रांगेत बसलं, की दहा मिनिटांत वास शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचणार. दोनशे नाकांमधून एक तरी हुशार निघेलच!

सभागृहाच्या दारातच शिवकन्या भेटली. शिवकन्या मराठी शिकवायची, आणि तिने वर्गात कविता म्हटली की बसस्टँडवरचे प्रवासी माना वळवायचे.

"लुंबिनी, मेले गं मी! गुलाबपाणी संपलं! सव्वीस जानेवारीलाच संपलं अन् रिकामी बाटली कोणीतरी कपाटात शहाण्यासारखी ठेवून दिली. अध्यक्ष फाटकात आलेत. स्वागताला काय शिंपडू, नळाचं पाणी?"

लुंबिनीने पर्समधून छोटी बाटली काढली.

"अत्तर? दे, दे!"

"पाण्यात घालू नको, तेल आहे. विरघळत नाही. आधी त्याचं..."

"बरं झालं! मग तसंच लावते!"

आणि शिवकन्या कापसाचा बोळा भिजवून पळालीसुद्धा. लुंबिनी जागच्या जागी तरंगत राहिली. आपल्या केसांतले तीन थेंब सोडाच, आता प्रत्येक बाईच्या मनगटावर सतरा नंबर! एक तरी विचारणार. एक कशाला, रांग लागेल!

पहिली बाई मनगट हुंगून म्हणाली, "सर्दीला लई बरं वाटतंय बगा. कोणत्या डॉक्टरचं हाय?"

दुसरी म्हणाली, "डासाचं औषध लावून राहिल्या वाटतं. चांगलं केलं. मागच्या बारीला पायाची चाळण झाली होती."

तिसरीने ते साडीच्या पदराला पुसून टाकलं.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष शेषेराव काका आले. त्यांना हळद-कुंकवाच्या रंगाचा भलामोठा फेटा बांधला, हार घातला, दोन्ही हातांना अत्तर चोळलं, आणि उरलेला ओलाचिंब बोळा शिवकन्याने मानाने फेट्याच्या तुऱ्यात खोचून दिला. काकांनी खोल श्वास घेतला. लुंबिनीने श्वास रोखला.

"वा!" काका म्हणाले. "फिनाईल कोणी मारलंय? अशी स्वच्छता पाहिजे!"

आणि त्यांनी वैजनाथला व्यासपीठावर बोलावून स्वतःच्या हाताने शाल पांघरली!

"काका, मी आज झाडलं बी न्हाई," वैजनाथ घाबरून म्हणाला. लोकांना तो त्याचा विनय वाटला. टाळ्या पडल्या.

लुंबिनी तिसऱ्या रांगेत बसली. तीन वर्षं, सतरा मिश्रणं, आणि फिनाईल! तिने खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीपलीकडे सूर्यफुलाचं शेत होतं. सगळी फुलं एकाच दिशेला तोंड करून उभी होती, आणि तीही तिच्याकडे पाहत नव्हती.

एक मधमाशी आली. तिच्या कानाजवळ थांबली. मग चार आल्या. मग बारा. लुंबिनीने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि तीसनंतर सोडून दिली.

"मी फक्त दोनच मिनिटं बोलणार आहे," शेषेराव काकांनी माईक हातात घेतला. ज्या बाया आधीही आल्या होत्या त्यांनी पिशव्यांतून निवडायच्या शेंगा काढल्या. काकांचं दोन मिनिटांचं भाषण मागच्या वर्षी सव्वा तासाने संपलं होतं.

तेवढ्यात गुणगुण सुरू झाली.

"वैजनाथ, माईक खराब हाय. बंद कर!"

वैजनाथने माईक बंद केला. गुणगुण वाढली.

"मग जनरेटर बंद कर!"

"जनरेटर लावलंच न्हाई काका!"

आणि खिडकीतून तपकिरी धूर आत शिरला. धूर वळला, फिरला, पंख्याखालून गेला, आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की धुराला पंख आहेत!

"अगं माय! माश्या!" शिवकन्या ओरडली आणि बसस्टँडवरचे प्रवासीसुद्धा उठून उभे राहिले असणार. खुर्च्या पडल्या, शेंगा उधळल्या, एका बाईने वैजनाथच्या शालीत तोंड खुपसलं. माश्यांचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. त्या लग्नाच्या वऱ्हाडासारख्या गाजत-वाजत व्यासपीठावर गेल्या आणि काकांच्या तुऱ्यावर उतरल्या. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग घमेलंभर. बघता बघता फेट्यावर दुसरा फेटा बसला. जिवंत!

"बसा! कोणी पळू नका!" दारात एक उंच माणूस उभा होता. एका हातात लाकडी पेटी, दुसऱ्यात धुराचं डबडं, पायात चिखल. शेजारच्या शेतात मधपेट्या ठेवणारा देविदास. त्याची अर्धी पेटी सकाळी उडाली होती आणि तो तिच्यामागे कुंपणं ओलांडत आला होता.

"चावतील का रे?" काकांनी ओठ न हलवता विचारलं.

"न्हाई काका. सातेरी हाय, गरीब जात. घर बदलायला निघताना पोटभर मध पिऊन निघती. भरल्या पोटी कोणी भांडतंय का?"

"मग मी काय करू?"

"काहीच करू नका. हलू नका. अन् बोलू तर अजिबात नका."

सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही, पण प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर ती दिसली. संस्थेच्या इतिहासात अध्यक्षांचं भाषण पहिल्यांदाच एका वाक्यात संपलं होतं!

देविदास पेटी घेऊन व्यासपीठाकडे निघाला. तिसऱ्या रांगेपाशी मात्र तो थांबला. मान वर केली. डोळे बारीक केले. नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"हा वास कुणाचा हाय?"

पंखे थांबल्यासारखे झाले. लुंबिनीला वाटलं, आपण जिन्यात उभ्या आहोत, घंटा होऊन गेली आहे, आणि कोणीतरी खरंच हाक मारली आहे. तिने वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"गवती चहा?" देविदासने विचारलं.

"हो."

"अन् रोशाचं तेल."

"हो!"

"तिसरं ओळखू येईना."

"वाळा. दोन टक्के."

"तरीच!" तो हसला. तिच्याकडे बघून, सगळ्यांसमोर! "मॅडम, माशीला नवं घर सापडलं की ती दारात उभी राहती, बूड वर करती अन् अस्साच वास सोडती. मागच्यांना सांगती, या गं, घर इथं हाय! तुम्ही माझ्या अर्ध्या पेटीला आवतण धाडलं की!"

दोनशे बाया लुंबिनीकडे वळल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती सगळ्यांना एकदम दिसली. जी गोष्ट साधायला तिला सतरा मिश्रणं लागली, ती माशी बुडाने करते, हे ऐकून खरं तर तिला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटायचं राहूनच गेलं.

"मग पेटीत तीन थेंब टाका," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मोठा आहे हे तिलाही नव्यानेच कळलं. "चार नको. उग्र होतं."

तीन थेंब पडले. देविदासने काकांचा फेटा मूल उचलावं तसा अलगद उचलला आणि पेटीच्या तोंडाशी धरला. माश्या ओळीने आत चालत गेल्या. अर्ध्या तासाने काका मोकळे झाले, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याला कळलं की राणीमाशीने बसायला सगळ्या चाकुरातून त्यांचंच डोकं पसंत केलं.

"मॅडम," जाताना देविदास तिच्यापाशी आला. लुंबिनीने पदर सारखा केला. "एक मागू का?"

"हं."

"ती बाटली देता का? पोळं धरायला लई कामाची हाय."

तिने बाटली दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली, पेटी उचलली आणि गेला. तिचं नाव काही विचारलं नाही.

घरी सरजाबाईने विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

"एकाने विचारलं," लुंबिनी म्हणाली.

"अगं बाई! कोणी?"

"मधमाश्यावाल्याने. मधमाश्यांसाठी."

सरजाबाई म्हणाली, "असू दे. सुरुवात कुठून तरी होती."

चार दिवसांनी फोन वाजला. नंबर वैजनाथने दिला होता.

"मॅडम, मी देविदास. बाटलीनं काम होईना बगा. रिकामी पेटी झाडाखाली ठेवली, तुम्ही सांगितले तितकेच थेंब टाकले. एक माशी फिरकली न्हाई."

लुंबिनी लगेच मास्तरीण झाली. "कोरडं लाकूड तेल शोषून घेतं. माझ्या केसांना जवसाचा रस असतो, त्याचा पापुद्रा धरतो. तेल सावकाश उडतं, तासन् तास."

"म्हणजे लाकडापेक्षा तुमचे केस बरे."

यापेक्षा सुंदर वाक्य तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. "हो," ती हळूच म्हणाली.

"मग तुम्हीच या की शेतावर. रविवारी."

रविवारी सकाळी लुंबिनी शेतातल्या कडुलिंबाखाली तिपाईवर बसली. शेजारी रिकामी पेटी. वर पांढरा, बारीक मोहोर गळत होता. सरजाबाई बांधावर, पाठ करून, बोरं खात बसली होती. पाठ केली होती, कान नाही.

"केस मोकळे सोडा," देविदास म्हणाला. "अन् अजिबात हलू नका."

मग तो दहा हातांवर उकिडवा बसला आणि पाहू लागला. पाऊण तास! इतकं टक लावून तिच्याकडे कोणी कधीच पाहिलं नव्हतं. तो पाहत होता केसांच्या वर चार बोटं, हवेत, हे तिला माहीत होतं. शास्त्र शिकलेली बाई होती ती. पण चार बोटं म्हणजे असं कितीसं अंतर? ऊन पानांतून थेंबाथेंबाने उतरत होतं, सूर्यफुलं डुलत होती, आणि लुंबिनी कुठल्या कुठे पोहोचली होती.

देविदास उठला. दबक्या पावलांनी आला. अगदी जवळ. त्याने श्वास रोखला होता, आणि हात तिच्या कानाजवळच्या बटेकडे सावकाश, फार सावकाश येत होता.

"मॅडम," तो कुजबुजला.

लुंबिनीने डोळे मिटले आणि मान खाली घातली.

"उडाली!" तो ओरडला. "अहो, ऐन वेळेला मान कशाला खाली घातली? पहिली माशी होती! आता पुन्हा पुढच्या रविवारी!"

"चुकलं," लुंबिनी म्हणाली. "पुढच्या रविवारी नाही घालणार."

प्रयोगाच्या बाबतीत तिने आयुष्यात मारलेली ही पहिलीच थाप.