पाचशे पुंगळ्या आणि एक सोऱ्या

गेले चार महिने देवव्रत एका डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, निवडीत बुडाला होता, आणि ती डाय त्याच्यासाठी नव्हतीच. धाकटा भाऊ कैवल्य टेक्सासला. तिथे तो नेमबाजीच्या स्पर्धांत उतरायचा आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायचा. गोळी झाडली की पुंगळी फुगते. तिला मापात आणायला पोलादी डायमध्ये दाबावी लागते. "दादा, तू मेकॅनिकलवाला. कुठली घेऊ सांग," एवढंच तो रोज फोनवर म्हणायचा.

देवव्रतने आयुष्यात जत्रेतल्या फुग्यांपलीकडे काही फोडलं नव्हतं. पण दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये बसून त्याने सव्वीस डायची एक्सेल शीट केली. रोज जेवताना बायकोला, पूर्णिमाला विचारायचा, "पुंगळीची नुसती मान दाबणारी बरी, की अख्खं अंग दाबणारी?"

"माझे पाय दाबणारी मिळाली तर ती आधी मागव," असं म्हणून पूर्णिमा लेकीला, नुपूरला घास भरवायची.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तिघं नाशिकहून परतली. पूर्णिमाच्या बॅगेत या वेळी तिच्या आईचा पितळी सोऱ्या होता. "आता माझ्याने पिळवत नाही गं. यंदापासून तू कर," म्हणून पुष्पावतीबाईंनी तो स्वतः नुपूरच्या जुन्या झबल्यात गुंडाळून दिला होता. पूर्णिमाने विमानात बसण्याआधीच अख्ख्या बिल्डिंगला चकल्यांचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

दोह्याच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि थांबली. अलीजा नावाच्या तरुण अधिकारी बाईंनी झबलं सोडलं. आतून निघाली जाड पितळी नळी, फिरकीचा दांडा, भोकांच्या पाच चकत्या आणि शेजारी तपकिरी पिठाची पिशवी.

"हे काय आहे?"

पूर्णिमाने तोंड उघडलं, पण देवव्रत आधीच सुरू झाला होता. "काही नाही मॅडम, स्वयंपाकघरातलं आहे. काडतुसाचं समजू नका. काडतुसाची डाय पोलादी असते, तिचे आटे निराळे. यात ती बसायचीच नाही."

काडतुसाचं नाव तोवर कोणीच काढलं नव्हतं. अलीजाबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"काडतूस?"

"तेच तर सांगतोय, नाही! पुंगळी भरताना कसं, आधी..."

"देवव्रत, खलास! पुरे!" पूर्णिमाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो अर्धा फूट सरकला. पण उशीर झाला होता. सोऱ्यासकट तिघांची रवानगी आतल्या खोलीत झाली.

तिथे रुकैया नावाच्या वरिष्ठ बाई बसल्या होत्या. देवव्रतने घाम पुसला. "मॅडम, याचा पदार्थ कसा होतो ते व्हिडिओतच दाखवतो." त्याने फोन पुढे धरला. सगळ्यात वर उघडलं ते: 'घरच्या घरी काडतूस भरा, भाग नऊ.' त्याच्या खाली भाग आठ. ते बंद करायला अंगठा नेतो तोच वरून कैवल्यचा इंग्रजीतला मेसेज उतरला: "दादा, डाय ठरली का? पाचशे पुंगळ्या जमल्यात."

रुकैयाबाईंनी तो मोठ्याने वाचला.

पूर्णिमाने सोऱ्याकडे पाहिलं. आईने आदल्या दिवशी चिंच लावून घासलेला तो सोऱ्या टेबलावर पुराव्यासारखा पडला होता. तिने पेंगुळलेली नुपूर देवव्रतच्या मांडीवर टाकली. "हिला धर. आणि तोंडात हे बिस्कीट धर. गिळू नकोस." मग रुकैयाबाईंना म्हणाली, "मॅडम, एक बाटली पाणी मिळेल?"

नुपूरच्या डब्यात तिने भाजणी भिजवली. पाचातली चांदणीची चकती शोधून बसवली, गोळा आत सारला, दांडा फिरवला. पहिली चकली दुसऱ्याच वेढ्याला तुटली. अलीजाबाईंनी भुवई उंचावली. कोपऱ्यातून देवव्रत बिस्किटाआडून म्हणाला, "पाणी, पाणी!" तिने हात ओला करून पुन्हा मळलं. या वेळी एका कोऱ्या फॉर्मवर काटेरी वेढा सरसरत उतरला. एक, दोन, तीन, आणि वर शेपटीचा हलका दाब.

नुपूर खडबडून जागी झाली. "Mumma, it's not fried! Don't give it to aunty!"

रुकैयाबाईंना हसू आवरेना. "थांब, मला दे," म्हणत त्यांनी बाह्या सारल्या आणि स्वतः दांडा फिरवला. उतरलं ते काहीतरी भूकंपात सापडलेलं होतं. अलीजाबाई तोंडावर हात ठेवून मागे वळल्या.

"माशाल्ला, कठीण काम आहे!" रुकैयाबाईंनी सोऱ्या पुसून पूर्णिमाच्या हातात दिला. मग देवव्रतकडे बोट केलं. "आणि भाऊ, पुढच्या वेळी उत्तर बायकोला देऊ द्या."

टॅक्सीत बसताच देवव्रतने स्पीकरवर फोन लावला. "कैवल्य, मी कुठलीही डाय सांगणार नाही. आज तुरुंगात जाता जाता राहिलोय!"

सगळं ऐकून कैवल्य खोकला येईपर्यंत हसला. मग जरा दबकत म्हणाला, "दादा, रागावू नकोस. डाय मी जूनमध्येच घेतली. दुकानदाराने हातात ठेवली ती."

"मग रोज विचारत काय होतास?"

"आपली आई गेल्यापासून तुझे फोन दोन मिनिटांत संपायचे रे. डायचं काढलं की तासभर बोलायचास."

पूर्णिमाने मागच्या सीटवरून हात लांबवून फोन घेतला. "भाऊजी, उद्याही फोन करा. विषयाची काळजी करू नका."

दोन सिग्नल गेले. मग देवव्रत हळूच मागे वळला.

"पूर्णिमा, त्या चकतीच्या चांदणीला टोकं किती आहेत गं? कैवल्य, आहेस ना? लिहून घे."