सरळ केलेल्या पेशी

सव्वानऊ वाजता प्रयोगशाळेत चिमीने शेवटचा आलेख काढला आणि लगेच तोच पुन्हा काढून पाहिला.

पेशीलाही आतून बारीक तंतूंचा सांगाडा असतो. औषध दिलं की सगळ्या पेशींचे तंतू एकाच दिशेला कलतात, नाहीतर कुणाचे कुठे, कुणाचे कुठे. हे सिद्ध करण्यात तिची चार वर्षं गेली होती. तीनशे बारा फोटो, आणि प्रत्येकातला कल अंशांत मोजणारा प्रोग्रॅम. पण आज औषधवाल्या, बिनऔषधाच्या, झाडून सगळ्या पेशी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या ताठ होत्या. नव्वद अंश!

अकरा वाजता तिच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. गेल्या वर्षी त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि समोरच्याने संशोधन सोडून भावाचं दुकान धरलं, असं म्हणत.

फोटो रात्रभर घरच्या संगणकावर होते. तिने घरी फोन लावला.

"बाबा, माझ्या फोटोंना हात लावलात?"

"हात काय, सगळे नीट करून ठेवलेत!" बाबा खुशीत होते. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता. "एकूण एक तिरके होते गं. सरळ केले. डागही पुसले."

"डाग? अहो, त्या डागांनीच पेशी खाली चिकटलेली असते! तेही मोजायचे होते!"

"मग आधी सांगायचंस ना. मला वाटलं, लेन्सवर धूळ बसलीय."

चिमीला रडूच फुटलं. पलीकडून बाबा "अगं, ऐक तर" म्हणत होते, तोवर फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलेनात. सूक्ष्मदर्शकाजवळच्या संगणकावर प्रती असतील म्हणून ती धावत खाली गेली. तिथला तंत्रज्ञ अभिमानाने म्हणाला, "सोमवारीच सगळं साफ केलं. कसला चकाचक पळतोय बघा!"

आता मार्गदर्शक मॅडमना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"परीक्षकांना काय सांगणार आहेस? वडिलांनी पुसलं?"

दहा वाजून वीस मिनिटांनी दारात बाबा उभे. इस्त्रीचा शर्ट, घामाने डबडबलेलं कपाळ, हातात पेन ड्राइव्ह.

"मूळ फोटो यात आहेत. निगेटिव्हला हात लावायचा नसतो, एवढं कळतं मला. फोनवर सांगत होतो, पण तू ऐकशील तर शपथ!"

चिमीने प्रोग्रॅम लावला. तंतू पुन्हा आपापल्या जागी कलले. तिने सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात बाबा मॅडमना म्हणाले, "बाकी एक विचारू? यातली चार गिऱ्हाइकं दोनदा का आलीत?"

"कोण?"

"या पेशी हो. एकदा अशा, एकदा आडव्या. सरळ केल्यावर जुळी निघाली."

मॅडमनी फोटो शेजारी शेजारी लावले. सूक्ष्मदर्शकाखालची काच फिरवून ठेवल्यावर चिमीने त्याच चार पेशींचे दुसऱ्यांदा फोटो काढले होते, आणि मोजलेही होते. अकराला दहा कमी असताना तिने ते वगळून सगळं नव्याने मोजलं. निष्कर्ष कसाबसा तगला.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "एकच पेशी दोनदा मोजली गेली नाही, हे कशावरून?"

"एका अनुभवी माणसाने प्रत्येक फोटो डोळ्यांखालून घातलाय," चिमी म्हणाली. "चार सापडल्या, त्या काढल्या."

परीक्षकांनी मान डोलावली. दुसरा प्रश्न आलाच नाही.

बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "कोण हो ते अनुभवी?" चिमीने बाकावर पेंगणाऱ्या बाबांकडे बोट दाखवलं. परीक्षक त्यांना सन्मानाने शेजारच्या खोलीत घेऊन गेले, बॅगेतून स्वतःचा गाजलेला शोधनिबंध काढला आणि हळूच म्हणाले, "जरा नजर टाकता का? सहजच."

चौथ्या पानावरच्या दोन फोटोंपाशी बाबांचं बोट थांबलं.

परीक्षकांनी उठून दार लावून घेतलं.