कॉमनमधली चौदावी टेस्ट

गायधनींकडे कोणी नवीन फंक्शन घेऊन गेलं की ते मान वर न करता विचारायचे, "गाव कोणतं? आडनाव काय?"

फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा. त्याला कसलं आलंय गाव? माझ्या पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी इमानदारीत सांगितलं, "मखमलाबाद. शिंदे."

"तुमचं नाही हो, याचं," ते म्हणाले. "हा आला कुठून, याला वापरणार कोण, आणि याच कामाचं आपल्याकडे आधी कोणी आहे का?"

रामकुंडावर यात्रेकरू उतरला की उपाध्ये त्याला पहिल्यांदा हेच विचारतात आणि मग त्याच्या घराण्याची वही काढतात. गायधनींच्या वडिलांनी आणि आजोबांनी जन्मभर तेच केलं. हे एम.एस्सी. होऊन कॉम्प्युटरकडे वळले, पण येताना प्रश्न बरोबर घेऊन आले.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट आहे. द्वारका चौकात एका टायरच्या दुकानावर आमची कंपनी होती. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न आणि वर आम्ही नऊ जण. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजपासून शाळा-कॉलेजांपर्यंत जो येईल त्याला आम्ही वेब अ‍ॅप्लिकेशन करून द्यायचो. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात नको म्हणून कंपनीने स्वतःचं फ्रेमवर्क केलं होतं, म्हणजे तयार सांगाडा. आणि तारीख, नाव, पत्ता, वजन असल्या सगळ्यांनाच लागणाऱ्या गोष्टींची फंक्शन्स एका ठिकाणी ठेवली होती. त्या गाठोड्याला आम्ही 'कॉमन' म्हणायचो. कॉमन गायधनींच्या ताब्यात होतं.

ताब्यात म्हणजे अगदी ताब्यात. कॉमनमधून काहीही पुसायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. "वहीत खाडाखोड नसते, शिंदे. जुनं तसंच ठेवायचं आणि खाली नवीन लिहायचं." त्यामुळे आमच्याकडे तारीख छापायची चार फंक्शन्स होती: 'तारीख', 'तारीखनवी', 'तारीखखरी' आणि 'तारीखहीचवापरा'. मला हे बघून डोकं दुखायचं. हे गाठोडं माझ्याकडे आलं तर दोन दिवसांत झाडून साफ करीन, असं मी जेवणाच्या सुट्टीत उघडपणे म्हणायची. गायधनी ऐकायचे आणि डब्यातली काकडी पुढे करायचे.

प्रत्येक फंक्शनची टेस्ट लिहायची, म्हणजे ते बरोबर चालतं का हे मशीनलाच तपासता येईल असं एक उदाहरण, आणि टेस्टमध्ये जिवंत वाटेल असं माणूस घालायचं, हा दुसरा नियम. एकदा मी नावाच्या जागी घाईघाईत 'एबीसी' टाकलं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हा एबीसी कोणाचा मुलगा?"

"कोणाचाच नाही सर. टेस्ट आहे."

"मग त्याचं चुकलं तर वाईट कोणाला वाटणार?"

मी एबीसी खोडून 'नामदेव गणपत बोरस्ते, ओझर' असं लिहिलं. त्या दिवसापासून नामदेवअप्पा आमच्यात राहायला आले. टेस्ट नापास झाली की गायधनी खुर्चीतून हाक द्यायचे, "नामदेवअप्पा अडकलेत. तारखेला कोणी हात लावला?" तीन-चार वर्षांत अशी दोनशे तेरा माणसं जमली होती.

पुण्याहून आलेल्या एका हुशार मुलाने शाळेच्या प्रवेशासाठी एक तपासणी लिहिली होती. एका वर्गात दहापेक्षा जास्त मुलांची जन्मतारीख एकच आली तर मशीनने 'नोंद चुकीची' म्हणायचं. गायधनींनी ती वाचली आणि चष्मा काढला. "अहो, अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली तारीख आहे ती. तुम्ही सगळ्यांना खोटं ठरवायला निघालात." मग हापिसात चौकशी केली, तर आम्हा नऊ जणांत दोघं एक जूनचे निघाले. त्यातली एक मी.

रोज अकरा वाजता आणि पाच वाजता गायधनी सगळ्या टेस्ट चालवायचे. चालवताना उभे राहायचे. पडद्यावर एकेक नाव यायचं, पुढे 'पास' यायचं, आणि हे हात मागे बांधून बघत असायचे. चौदाव्या नावाला मात्र खाली बसायचे. उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांकडे बसूनच लक्ष. चौदाच का, याच्यावर आम्ही पुष्कळ तर्क केले. गुडघ्याचा प्रश्न असेल, असं शेवटी सर्वानुमते ठरलं.

मग नांदगावकडच्या एका शिक्षणसंस्थेचं काम आलं. मुलींसाठी परिचारिकेचा कोर्स, त्याचे प्रवेश अर्ज, ओळखपत्रं, सगळं वेबवर. संस्थेच्या सचिवांची एकच अट होती: नावाचे तिन्ही खाने भरलेच पाहिजेत. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. एकही रिकामा सोडला तर अर्ज पुढे जाता कामा नये. आमचे मालक भामरेसर म्हणाले, कॉमनमध्येच सक्ती करून टाका, म्हणजे सगळीकडे लागू होईल. काम माझ्याकडे आलं.

अर्ध्या तासाचं काम होतं. केलं. एक टेस्ट नापास झाली, चौदावी. तीत नाव होतं 'मंदाकिनी'. मधला खाना रिकामा, आडनाव रिकामं, आणि छापून यायला हवं होतं नुसतं 'मंदाकिनी', मागेपुढे एकही जागा न सोडता. आता नियमच बदलला, तर या बाईंचं काम काय? मी टेस्ट पुसून टाकली. झाडलोटीला सुरुवात केल्याचा आनंदही झाला, तो लपवत नाही.

पाच वाजता गायधनी उभे राहिले. नावं सरकत गेली. ते बसलेच नाहीत. शेवटी आकडा आला, दोनशे बारा.

"एक माणूस कमी आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मंदाकिनी कुठे गेली?"

सगळे हसले. मीही हसले. मी नवीन नियम समजावून सांगितला. गायधनी म्हणाले, "हा नियम कॉमनमध्ये येणार नाही."

भामरेसर केबिनमधून बाहेर आले. ते सटाण्याचे. एरवी छान शहरी बोलायचे, चिडले की गावाकडचे व्हायचे. "हाई काय शे, गायधनी? मंगळवारी लोकं येणारेत बघायला. एका नावासाठी काम अडवता?"

"एका नावासाठीच अडवतोय, सर."

"मग कॉमन शिंदेंकडे द्या."

गायधनींनी खरोखर कागद घेतला, त्यावर 'कॉमन शिंदे यांच्याकडे' असं लिहून खाली सही केली, तो माझ्या टेबलावर ठेवला आणि डबा घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आले नाहीत. सहा वर्षांतली त्यांची पहिली रजा. मला हवं ते मिळालं होतं, आणि कागदाकडे बघवत नव्हतं.

शनिवारी मी पंचवटीत त्यांच्या घरी गेले. दार पंचावन्नच्या आसपासच्या एका बाईंनी उघडलं. हातात शब्दकोड्याची पुरवणी आणि पेन्सिल.

"या. तुम्ही शिंदे ना? एक जूनच्या? हा रोज सांगतो सगळं." मला बसवून त्यांनी काळजीने विचारलं, "नामदेवअप्पा सुटले का? मागच्या आठवड्यात अडकले होते म्हणे."

मी म्हटलं, सुटले. आणि आपलं नाव काय, असं विचारलं.

"मी मंदाकिनी," त्या म्हणाल्या. पुढे काहीच जोडलं नाही. मला मात्र पुढचं ऐकायची सवय होती, म्हणून मी उगाच थांबून राहिले.

त्या चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा गायधनी हळू आवाजात बोलले. "मोठी बहीण. लग्नानंतर दीड वर्षात परत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि वडील म्हणाले, आता इथलं नाव लावायचं नाही. तिला शिक्षिका व्हायचं होतं. फॉर्म भरायला मीच बरोबर गेलो होतो. तिने मधला खाना आणि आडनाव रिकामं ठेवलं. कारकुनाने फॉर्म परत केला. वाईट माणूस नव्हता तो, 'पूर्ण भरून आणा' एवढंच म्हणाला. ती पुन्हा कधी कुठल्या फॉर्मच्या रांगेत उभी राहिली नाही."

कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या वह्या होत्या. त्यांनी तिकडे बघितलं. "आमच्या घराण्याचंही एक पान आहे तिथे. तिच्या नावापुढे 'दिली' असं लिहून झालंय. खाडाखोड करायची नाही, मग 'परत आली' कुठे लिहिणार? कॉमन माझ्याकडे होतं. तिथे घेतली."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. तुम्हीही सांगू नका. बाकी सगळ्यांना ओळखते ती."

चहा आला. मी तो कसाबसा प्यायले. मला माझी लाज वाटत होती, आणि एबीसीचीसुद्धा.

सोमवारी सकाळी मी चौदावी टेस्ट होती तिथे परत लिहिली आणि सक्ती काढून टाकली. मग नांदगावला फोन लावला. सचिवांना नाही, प्रत्यक्ष अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनांना. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव न लिहिणाऱ्या मुली येतात का, असं विचारलं.

"येतात ना ताई, लय येतात. आमच्या आत्ताच्या फॉर्मात खाना सोडता येत नाय, मंग आम्ही टिंब टाकतो. टिंब चालतं."

"आणि ओळखपत्रावर?"

"तिथं पण टिंबच येतं. पोरी नखानं खरवडून काढत्यात."

हे जसंच्या तसं मी भामरेसरांना सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "सचिवांशी मी बोलतो. खाना उघडा ठेवा." सचिवांनाही टिंबांचं माहीत नव्हतं. ते लगेच तयार झाले, असं नाही. पण झाले.

त्याच सोमवारी, अकराला पाच कमी असताना गायधनी आले. माझ्या टेबलावर तो कागद तसाच होता. मी तो त्यांना परत दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "फाडायचा नाही. खाली नवीन लिहू." अकरा वाजता दोनशे तेरा माणसं पास झाली. चौदाव्या नावाला ते बसले.

जूनमध्ये संस्थेचे प्रवेश सुरू झाले आणि पहिली ओळखपत्रं छापून बघायला आमच्याकडे आली. साठेक होती. त्यातल्या एकावर नुसतं 'सुनंदा' एवढंच होतं. ते वेगळं काढून मी गायधनींसमोर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं. आता विचारतील, गाव कोणतं, आडनाव काय, म्हणून मी उत्तर शोधत होते. त्यांनी विचारलं नाही.

"मागे जागा राहिली नाही ना?" ते म्हणाले.

"नाही सर. टिंबही नाही."

"मग ठीक."

ओळखपत्र त्यांनी इतरांच्या गठ्ठ्यात, होतं त्याच जागी घातलं. पाच वाजले होते, म्हणून आम्ही दोघंही उभे राहिलो.