पाणी मात्र गार होतं

यी मोननं बाबांचे माठ घासले ते उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पहिल्याच दुपारी, आई झोपलेली असताना, आणि यांगूनहून येताना आणलेल्या भांड्यांच्या पावडरीनं. पावडर लिंबाच्या वासाची होती. पाकिटावर अर्धं लिंबू आणि एक हसरी बाई होती.

माठ तीन होते. फाटकाबाहेर चिंचेखाली घडवंचीवर ते एकतीस वर्षं बसलेले होते. तिचे वडील ऊ सान म्या पखोक्कू गावात नदीच्या धक्क्यावर कारकून होते. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते कोपऱ्यावरच्या हापशावरून कावडीनं पाणी आणून माठ भरायचे. जाणारायेणारा थांबायचा, करवंटीच्या ओगराळ्यानं पाणी घ्यायचा, "साधु", म्हणजे पुण्याचं काम झालं, म्हणायचा आणि पुढे जायचा. त्यांचा एकच नियम होता, तो म्हणजे दिलेल्या पाण्याला घरच्यांनी तोंड लावायचं नाही. घरात प्यायचा माठ वेगळा होता.

ते जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या दिवशी विहाराचे प्रमुख, वयोवृद्ध सयाडो आणि पाच भिक्खू यांना भोजनदान द्यायचं, पुण्य बाबांच्या नावानं वाटायचं, मग पाणपोई बंद करून आईला यांगूनला न्यायचं असं ठरलं होतं. म्हणजे यी मोननं ठरवलं होतं. ती तिथे शाळेत शिकवायची आणि चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. आई दॉ ओन च्यी हिच्या गुडघ्यांना कावड झेपत नव्हती, आणि वर्षभर शेजारीपाजारी आळीपाळीनं माठ भरत होते, हे यी मोनला बरं वाटत नव्हतं. आई त्यावर एकच वाक्य बोलली होती. "पाणपोई चालू आहे तोवर मी हलणार नाही."

सुट्टीला आल्यावर यी मोननं माठांवरचं हिरवं शेवाळ पाहिलं आणि तिला वाटलं, निदान शेवटचे पंधरा दिवस तरी बाबांचे माठ स्वच्छ दिसू देत. तिनं पावडरीचा दाट फेस केला, आतबाहेर फासला, उन्हं कलेपर्यंत मुरू दिला, मग काथ्यानं खसाखसा घासून तीनतीनदा विसळला. माठ विटकरी रंगाचे, कोरे करकरीत दिसू लागले. आता माठाला तोंड असतं, पण तो पितो अंगानं. त्या दुपारी तिन्ही माठ लिंबाची पावडर पोटभर प्यायले.

दुसऱ्या दिवशी पहिला आला सायकलरिक्षावाला को पौक सी. त्यानं ओगराळं भरून घेतलं, मान मागे टाकली आणि तोंडाला लावलं. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. फाटकात यी मोन उभी होती. त्यानं घोट गिळला. मग दुसरा गिळला. मग उरलेलं सगळं संपवलं, कारण ती बघत होती.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

को पौक सीनं विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि बाप जाऊन वर्षही न झालेल्या पोरीला खरं सांगायची त्याची छाती नव्हती.

"गार आहे," तो म्हणाला. "साधु." आणि मिशीवरचा फेस पुसत रिक्षाकडे गेला.

त्यानंतर पोस्टमन आला. "गार आहे," तो म्हणाला. भाजीच्या दोन टोपल्या डोक्यावर घेतलेली बाई म्हणाली, "फार गार आहे." समोर मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, विकणाऱ्या दॉ मे थीनं एक घोट घेतला, बराच वेळ तो तोंडातच ठेवला, मग डोळे मिटून आत ढकलला आणि म्हणाली, "तुझ्या बाबांची आठवण आली गं."

यी मोनला फार बरं वाटलं. पण संध्याकाळी तिनं झाकणं उघडून पाहिली तर माठ पाऊणपाऊण भरलेलेच. ती घडवंचीशी बराच वेळ उभी राहिली. बाबांच्या वेळी पाणी दुपारपर्यंत तळाला जायचं.

समोरून दॉ मे थीनं ते पाहिलं. तिनं को पौक सीला हाक मारली.

"पोरीचं तोंड पाहिलंस? तिला वाटतंय, बाप गेला आणि लोकांची तहानही गेली."

"मग काय करू? सकाळपासून माझ्या ढेकरांना लिंबाचा वास येतोय."

"प्यायला कोण सांगतंय? माठ रिकामे दिसले म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून माठ झपाझप रिकामे होऊ लागले. येणारा ओगराळं भरून ओठांना टेकवी, "गार आहे" म्हणे आणि यी मोनची पाठ वळली की चिंचेच्या मुळाशी ओती. को पौक सीनं रिक्षा धुतली. अशी चकाचक रिक्षा त्या गल्लीत कोणी पाहिली नव्हती. दॉ मे थीनं आधी संकोचानं एक वाडगा धुऊन पाहिला, मग मोहिंग्याची सगळी भांडी त्याच पाण्यात घासू लागली. शाळेच्या मुली केस धुऊन गेल्या.

यी मोन दिवसातून चार वेळा कावड वाहू लागली. खांदा सुजला. हापशावर तिचा नंबर आला की बायका मुकाट्यानं तिला पुढे करायच्या आणि एकमेकींकडे बघणं टाळायच्या.

"आई, बाबांच्या वेळीसुद्धा इतकं पाणी खपत नव्हतं," खांद्याला तेल चोळता चोळता ती म्हणाली. "एवढी माणसं पितात. बंद कसं करायचं गं हे?"

"तेच तर," आई म्हणाली आणि तेलाची बाटली तिच्याकडे सरकवली.

वर्षाचा दिवस चार दिवसांवर आला तशी यी मोन दॉ मे थीकडे गेली. "मावशी, सयाडो येणार आहेत. दोन माठांवर पुन्हा थोडं हिरवं दिसतंय, आणि तिसऱ्यावर तर बरंच. पुन्हा एकदा पावडरीनं चांगले घासून काढते."

दॉ मे थीच्या हातातला झारा कढईत पडला. "नको. म्हणजे, तुझा खांदा दुखतोय ना?"

"खांद्याचं काय एवढं."

त्या दुपारी पावडरीचं पाकीट घरातून नाहीसं झालं. यी मोननं सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. दॉ मे थीच्या तांदळाच्या डब्यात ती हसरी बाई तोंड वर करून पडली होती, पण तिथे बघायचं कोणाला सुचणार.

वर्षाच्या दिवशी सकाळपासून अंगणात माणसं जमली. भात झाला, मासे झाले, आंब्याची कोशिंबीर झाली. सयाडो शांतपणे जेवले. शेवटी हात धुऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"ऊ सान म्याच्या माठातलं पाणी आणा," ते म्हणाले. "ते प्यायलाच मी चालत आलोय."

अंगणात चुळबुळ झाली.

"सयाडो, चहा काढलाय," दॉ मे थी म्हणाली.

"नंतर."

"शहाळं आहे, सयाडो. आत्ताच उतरवलंय," को पौक सी म्हणाला. त्यानं ते खरोखरच आत्ता, शेजारच्या झाडावर न विचारता चढून उतरवलं होतं.

"शहाळं तू घे. तुला घाम आलाय."

पोस्टमन म्हणाला की पाणी आज जरा जास्तच गार आहे, सयाडोंच्या घशाला बाधेल. सयाडोंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोवर यी मोन ओगराळं दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसली होती. तिचा चेहरा असा उजळला होता की कोणाच्यानं पुढे काही बोलवेना.

सयाडो प्यायले. थांबले. ओगराळ्यात डोकावून पाहिलं. पुन्हा एक घोट घेतला.

"लिंबू," ते म्हणाले.

पोस्टमन हळूच चपला शोधू लागला.

"आणि साबण. चांगल्यापैकी आहे."

यी मोननं त्यांच्याकडे पाहिलं, मग को पौक सीकडे, मग दॉ मे थीकडे. दोघंही एकाच वेळी चटईकडे बघू लागले. तिनं ओगराळं घेतलं, बाबांचा नियम मोडून त्यातला एक घोट घेतला आणि तिला ठसका लागला.

"तुम्ही म्हणालात गार आहे," ती म्हणाली.

"गार होतंच ना," को पौक सी पुटपुटला.

"पंधरा दिवस, मावशी?"

"तू त्या दिवशी माठ घासताना गुणगुणत होतीस," दॉ मे थी म्हणाली. "वर्षभरात तुझ्या घरातून गाण्याचा आवाज आला नव्हता. तुझी आईच म्हणाली, राहू दे."

यी मोननं आईकडे पाहिलं. आई भिक्खूंच्या ताटांची मोजदाद करत होती. ताटं सहाच होती, पण तिला बराच वेळ लागला.

"मी ते माठ फोडून टाकते," यी मोन हळूच म्हणाली. "एकतीस वर्षं त्यांनी सांभाळले, आणि मी एका दुपारी..."

"बस खाली," सयाडो म्हणाले. "तुझ्या बापानं हे माठ आणले तेव्हा ते नवे होते, कच्चे भाजलेले. वर्षभर त्या पाण्याला भट्टीची चव होती. तोंडात वीट विरघळल्यासारखी. आम्ही सगळे प्यायलो."

"त्यांना कोणी सांगितलं नाही?"

"तो कामावर जायच्या आधी कावड वाहायचा. कोण सांगणार?"

"म्हणजे त्यांना कधीच कळलं नाही?"

"कळलं असेल," सयाडो म्हणाले. "कळलं असलं तर त्यानं तसं आम्हाला सांगितलं नाही. त्यालाही भीड होती." त्यांनी ओगराळ्यातलं उरलेलं पाणी शांतपणे संपवलं. "माठ पाण्यानंच सुधारतो. भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. वास आपोआप जाईल. मध्ये बंद मात्र ठेवायचा नाही."

मग सगळ्यांनी पुण्याचा वाटा घेतला आणि तीनदा "साधु" म्हटलं. म्हणताना को पौक सीला उचकी लागली. त्यावर पहिल्यांदा हसली ती यी मोनच, आणि हसता हसता तिला जे वर्षभर आलं नव्हतं ते रडू आलं. आईनं ताटं खाली ठेवली आणि तिच्याजवळ येऊन बसली.

यांगूनची तिकिटं परत केली. यी मोन रोज दोनदा माठ भरू लागली. आधीचं पाणी चिंचेला जायचं आणि चिंचेनं तक्रार केली नाही. चव बघायचं काम को पौक सीकडे होतं, कारण साबणाचा अनुभव सगळ्यांत जास्त त्यालाच होता. रोज सकाळी तो एक घोट तोंडात घोळवून सांगायचा. "आहे. पण कालच्यापेक्षा कमी." पुढे, "किंचित." पुढे, "शेवटाला, नाकात."

मे महिना सरत आला. शाळा उघडायला चार दिवस राहिले. यी मोन कावड टेकवून उभी होती. आई ओसरीवर गालाला तनाख्याच्या सालीचा लेप लावत बसली होती आणि इकडे लक्ष नाही असं दाखवत होती.

"काय म्हणतोय वास?" यी मोननं विचारलं.

को पौक सीनं घोट घेतला. तोंडात घोळवला. मग ओसरीकडे पाहिलं. समोर झारा हातात धरून थांबलेल्या दॉ मे थीकडे पाहिलं.

"आहे अजून," तो म्हणाला. "थोडा."

"अजून महिनाभर तरी लागेल," समोरून दॉ मे थी म्हणाली. तिनं चव घेतलीच नव्हती.

यी मोननं मान डोलावली. त्या दिवशी पहाटे, कोणी उठायच्या आत, तिनं तिन्ही माठांतलं पाणी स्वतः पिऊन पाहिलं होतं. लिंबू नव्हतं, साबण नव्हता. फक्त माती होती आणि गारवा होता. शिवाय पखोक्कूच्या शाळेत बदलीचा तिचा अर्ज मागच्या आठवड्यातच मंजूर होऊन आला होता आणि तिच्या पिशवीत होता.

पण सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं होतं. त्यांना कोण सांगणार?

"बरं," ती म्हणाली, आणि कावड खांद्यावर घेऊन हापशाकडे निघाली.