अर्धा मोडेम

भाऊसो कांबळ्यांनी रविवारी संध्याकाळी फोनवर शब्द दिला, आणि तो इतक्या मोठ्यानं दिला, की गल्लीच्या टोकाला गुंडू टेलरनं मशीनवरचा पाय काढला.

"पुढल्या रविवारच्या आत तुला माझा मेल येतोय. लिहून ठेव. चौतीस वर्सं शिरोलीत पॅटर्न शॉप चालवलंय मी. ही पाटीएवढी वस्तू माझं ऐकत न्हाय म्हंजे काय?"

"आप्पा, त्यातला मोडेम लिनक्सवर चालत न्हाय म्हणतात," तिकडून निशा म्हणाली. "सायबर कॅफेत जावा की."

"चालत न्हाय असं काय नसतंय. चालवणारा गावलेला नसतोय."

निशा ही त्यांची एकुलती एक मुलगी. इंग्लंडात नर्स होती. दर रविवारी सातला तिचा फोन यायचा, चार मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं 'आवाज येतोय का' यात जायची आणि उरलेली दोन 'जेवलीस का' यात. डिसेंबरात आली तेव्हा ती आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली. व्हायरसची कटकट नको म्हणून तिच्या मैत्रिणीनं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं. चालू केला की पडद्यावर पेंग्विन यायचा. भाऊसो त्याला बदक म्हणायचे. मेल सुरू झाला की रोज बोलता येईल, असं निशा म्हणून गेली होती, आणि भाऊसोंना तेवढंच हवं होतं. रोज एक ओळ. बायको सरूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरात दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते कुकरशी.

नाही म्हणायला गल्ली होती, पण ती यायची फोनसाठी. भाऊसोंचा फोन गल्लीतला पहिला. त्यामुळं अकरा घरांच्या लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर हाच नंबर, आणि पुढं 'पी.पी.' ही दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. कोडोलीहून शालूबाईंच्या भावाचा फोन आला की भाऊसो चपला अडकवून समोरच्या दारात जाऊन ओरडायचे, "शालूबाई, कोडोली!" पेठ वडगावच्या कापडवाल्याचा आला की, "गुंड्या, वडगाव!" माणसं यायची, बोलायची, टेकायची, चहा घ्यायची. ती गेली की भाऊसो करवादायचे, "माझ्या घराची एस.टी. स्टँडवरची चौकशीची खिडकी केलीया नुसती." करवादणाऱ्या या माणसाच्या फळीवर कप मात्र डझनभर धुतलेले असत.

तर त्या रविवारी निशाला शब्द देऊन त्यांनी फोन ठेवला. कोडोलीच्या फोनची वाट बघत शालूबाई तिथंच बसल्या होत्या. भाऊसोंची छाती अजून फुगलेलीच होती.

"शालूबाई, सगळ्यास्नी सांगून ठिवा. उद्यापास्नं आठ दिस मला कुणी हलवायचं न्हाय. कामात हाय मी."

"बरं," शालूबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या.

सोमवारी सकाळी भाऊसोंनी फोनची वायर फोनातून काढली आणि लॅपटॉपच्या कुशीतल्या, फोनवरनं इंटरनेट लावणाऱ्या मोडेमच्या भोकात खुपसली. टक् असा आवाज झाला. इथंच सगळं बिघडलं, पण तो आवाज इतका समाधानाचा होता की त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. भिंतीत खोबण एकच. फोन आला तर? भाऊसोंनी विचार केला नाही असं नाही. त्यांनी केला. लायनीवर जे बसवलंय ते वाजणारच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. बल्ब काढून पंखा लावला तर वीज काय परत जाते? हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी स्वतःशीच मान डोलावली. वायर काढलेला फोन तसाच शेजारी बसून राहिला, रुमाल पांघरून, नेहमीसारखा.

बदकाला मात्र मोडेम दिसेना. भाऊसो लॅपटॉप काखोटीला मारून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात गेले. क्लास अस्मिता मॅडमचा. बाई चाळिशीच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि कुणाची भीडभाड ठेवायच्या नाहीत.

"आण्णा, असला मोडेम अर्धाच असतोय. उरलेलं अर्धं काम तो विंडोजकडनं करून घेतो. लिनक्समधे ते करणारं कुणी न्हाय."

"म्हंजे साहेब हाय म्हणा की. सही ह्येची, काम दुसऱ्याचं."

"ड्रायव्हर घालावा लागंल, मोडेम चालवणारा प्रोग्रॅम."

"कुठं गावतोय?"

"इंटरनेटवर."

"आणि इंटरनेट कशानं लागतंय?"

"मोडेमनं."

दोघांनीही लॅपटॉपकडं बघितलं. मग मॅडमनी आपल्या मशीनवर ड्रायव्हर उतरवून सीडी करून दिली. ती मंगळवारी चालली नाही, कारण बदकाची आवृत्ती वेगळी. बुधवारी दुसरी सीडी. गुरुवारी कळलं, की कागदावर लिहून दिलेली ओळ भाऊसो नीट टाइप करत नव्हते. आयुष्यभर त्यांनी ओतकामाच्या साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न करताना, ओतलेलं लोखंड थंड होऊन आकसणार म्हणून सूतभर जास्त धरलं होतं. इथंही त्यांनी दोन शब्दांच्या मधे चार-चार जागा सोडल्या, थोडं सैल असू दे म्हणून. बदकाला असला सैलपणा खपत नव्हता.

या सगळ्या दिवसांत घर फार शांत होतं. फोन एकही नाही. भाऊसोंना ते आधी बरं वाटलं. गुरुवारी भाजीच्या गाड्यावर शालूबाई भेटल्या.

"काय शालूबाई, कोडोलीची खुशाली?"

"आमची खुशाली आम्ही बघून घेतोय, भाऊजी. तुमचं काम चालू द्या."

किती समजूतदार बाई, असं भाऊसोंना वाटलं.

शालूबाईंच्या मनात काय चाललं होतं ते आपण सांगितलेलं बरं. सोमवारपासून भाऊ कोडोलीहून फोन लावत होता. तिकडं त्याला घंटी वाजलेली ऐकू यायची, पण उचलायचं कुणी नाही. बुधवारी तो बिचारा घाबरून एस.टी.नं आला, घरात कोण गेलं-बिलं का बघायला. शालूबाईंनी त्याला खिडकीशी नेलं. समोरच्या घरात भाऊसो फोनपासून दोन हातांवर बसलेले, डोळे लॅपटॉपात. फोन दिसत होता. माणूस दिसत होता. माणूस फोन उचलत नव्हता. "तोंडावर सांगितलंय मला, हलवायचं न्हाय म्हणून," शालूबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी अकरा घरांत पोचली, आणि गुंडूचं वडगावचं गिऱ्हाईक तुटल्यामुळं तिला चांगलं खतपाणीही मिळालं. शुक्रवारी शालूबाईंच्या घरावर अँटेनाची एक छोटी काठी उभी राहिली, आणि आत नवीन बिनवायरीचा फोन आला. पी.पी. तिकडं गेलं.

काठी भाऊसोंनी पाहिली. टी.व्ही.ची असेल म्हणाले.

शनिवारी मोडेम जागा झाला, आणि पडद्यावर लिहून आलं, डायलटोन नाही. भाऊसो पुन्हा क्लासात.

"टोन तर हाय की! मी सोता ऐकलाय, आठ वर्सं."

"तो परदेशात शिकलाय, आण्णा," अस्मिता मॅडम म्हणाल्या. "आपल्या एक्स्चेंजचा टोन त्याला टोन वाटत न्हाय. त्याला सांगायचं, ऐकू नगंस, सरळ नंबर फिरव." आणि एक बारकी ओळ लिहून दिली.

मोडेमनं मुकाट्यानं नंबर फिरवला. पलीकडची इंटरनेट कंपनीची लाइन मात्र एंगेज. रविवारीही एंगेज. गेला शब्द.

रविवारी संध्याकाळी पावणेसातला भाऊसो इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले. मेल गेला नव्हता. आता फोन आला की काय सांगायचं, याची वाक्यं त्यांनी तयार केली. सात वाजले. साडेसात. लॅपटॉप वाजला नाही. चार वर्षांत निशाचा एकही रविवार चुकला नव्हता. कंटाळली असेल, त्यांना वाटलं. दर रविवारी तेच ते, जेवलीस का. बाप बढाया मारतो आणि एक ओळ पाठवता येत नाही.

ते दारात येऊन उभे राहिले. शालूबाईंच्या घरात बरीच माणसं होती, हसणं ऐकू येत होतं. जावं असं फार वाटलं. पण बोलावलं नसताना कशाला जायचं, आणि जाऊन काय सांगायचं? आठ दिवसांत आपल्या दारात कुणी आलं नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मोजलं. आपण मेलो तर ह्या लोकांना वास आल्यावरच कळायचं, असं त्यांच्या मनात आलं. आत येऊन त्यांनी डझनभर कप पुन्हा धुतले.

मंगळवारी दुपारी चार वाजता मोडेम लागला.

आधी नंबर फिरला, मग पिठाच्या गिरणीत खडा आल्यासारखा आवाज झाला, मग शिट्टी, मग सगळं शांत. भाऊसोंनी श्वास रोखला. निशानं डिसेंबरात काढून दिलेली मेलची पेटी तीन-चार मिनिटांत उघडली. आत तीन मेल. तिन्ही तिचे.

पहिला रविवारचा होता. 'आप्पा, घंटी वाजतेय, फोन उचला.' दुसरा सोमवारचा. 'दोन दिवस लावतेय. मला भीती वाटतेय. साक्षीला मेल करून विचारते.' साक्षी ही शालूबाईंची मुलगी, निशाची वर्गमैत्रीण. तिसरा आजचाच. 'साक्षीचं उत्तर आलं. तुम्ही धडधाकट आहात, समोरच बसलेले दिसता, फक्त फोन उचलत नाही. माझ्यावर रागावलात का?'

भाऊसोंनी शेवटची ओळ तीनदा वाचली. मग शेजारच्या फोनवरचा रुमाल उचलला. फोनच्या मागं वायरीचं भोक होतं, रिकामं. आठ दिवसांचं सगळं त्यांना एका दमात कळलं: कोडोली, वडगाव, काठी, शालूबाईंचा समजूतदारपणा. त्यांनी स्वतःला एक कोल्हापुरी शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

मग एका बोटानं त्यांनी उत्तर लिहिलं. 'निशा, मी बरा आहे. तुझ्या बापानं मोडेम चालू केला. राग कसला. आता फोनचा खर्च करू नकोस, रोज मेल करू.' अर्धा तास लागला. त्यांनी पाठवण्याचं बटण दाबलं आणि पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"भाऊजी! निशाचा फोन हाय, आमच्याकडं! साक्षीनं नंबर दिलता. येताय का ठेवू?"

भाऊसो अनवाणी धावले.

शालूबाईंच्या घरात गुंडू होता, पुन्हा भेटीला आलेला कोडोलीचा भाऊ होता, आणखी तिघं-चौघं आपापल्या फोनची वाट बघत चहा पीत बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. भाऊसो दारातच थांबले.

"वायर," ते म्हणाले. "फोनातली वायर काढून मी त्या मशीनला लावलती. घंटी वाजलीच न्हाय घरात. आईशप्पथ."

मग गुंडू सरकला आणि त्यानं पाटावर जागा केली. शालूबाईंनी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, आणि न विचारता अजून एक कप चहा ओतला.

"आप्पा?" निशाचा आवाज ओला होता. "रागावला न्हाईसा न्हवं?"

"न्हाय गं. जेवलीस का?"

"हितं आत्ता अकरा वाजल्यात. वॉर्डावरच हाय, कॉम्प्युटरफुडं. आप्पा, मोडेमचं काय झालं? चालला असंल तर सांगा. मग फोन बंद करू, रोज मेलच करत जाऊ."

चहा गरम होता. गुंडूचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागला होता. आणि कानात तिचा श्वास ऐकू येत होता, हजारो मैलांवरून, अगदी जवळ.

"न्हाय जमलं बघ," भाऊसो सगळ्या गल्लीसमोर म्हणाले. "लई केलं. ते लिनक्स काय माझ्या बाच्यानं चालायचं न्हाय. तू आपली फोनच करत जा. ह्याच नंबरावर, रविवारी, सातला."

पलीकडं माऊस खुट्ट वाजला.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमचा मेल आलाय. मोडेम चालू झाला, असं लिवलंय त्यात. आणि आता फोन करू नगंस म्हणून."

सगळी गल्ली भाऊसोंच्या तोंडाकडं बघत होती. चौतीस वर्षांत आपल्या हातनं चूक झाल्याचं त्यांनी आजच्याआधी कधी कबूल केलं नव्हतं.

"चुकून गेलाय त्यो," भाऊसो म्हणाले. "तू वाचू नगंस."