फुगवट्यावरचा फोटो

सासऱ्यांनी घडीची खुर्ची थेट कड्याच्या पायथ्याशी मांडली, तेव्हाच डॉक्टरांनी कमरेच्या दोराची बांधलेली गाठ पुन्हा सोडली.

डॉक्टर दातांचे. सुट्टीच्या दिवशी बायकोबरोबर कडे चढायचे. हा कडा उभा, आणि मध्येच ढेरी सुटल्यासारखा पुढे आलेला. नियम असा, की दोर फक्त पडल्यावर झेलायला. त्याला लटकून दम खाल्ला की ती चढाई धरत नाहीत. डॉक्टर त्या फुगवट्याखाली दर वेळी लटकत. बायको मात्र मागच्या महिन्यात न लटकता वर गेली. त्या दिवशी दोर मित्राने धरला होता, म्हणून डॉक्टरांचे हात फोटो काढायला मोकळे होते. फोटोत दिसत होतं ते हेल्मेट, पाठ आणि पाय. डॉक्टरांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी तो सासऱ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्या जावयाने मारली बाजी!’

सासऱ्यांनी त्याला चौकट करून दिवाणखान्यात लावला. आणि आज ते स्वतः हजर झाले होते.

“मी खोकलो की दोर घट्ट धर,” गाठ बांधता बांधता डॉक्टर बायकोच्या कानाशी कुजबुजले. “मी लटकतोय हे बाबांना कळता कामा नये.”

“त्यापेक्षा खरं सांगून टाक ना.”

“आज नको गं. आज अब्रू सांभाळ.”

हातांना घाम फुटला होता, म्हणून डॉक्टरांनी खडूची पूड जरा सढळच लावली. ती नाकात गेली. दोर अडकवायला कातळात ठोकलेल्या पहिल्या दोन बोल्टांपर्यंत एरवी मूलही चढलं असतं. तिथेच त्यांना ठसका लागला. खाली बायकोने इमानेइतबारे दोर आवळला. डॉक्टर जागच्या जागी खिळले.

“आत्ता नाही!” ते दातओठ खात म्हणाले.

“काय नाही?” खुर्चीतून प्रश्न आला.

“काही नाही, बाबा! हवा छान आहे!”

बायकोने दोर सोडला. ते पुन्हा खोकले, तिने पुन्हा आवळला. असं दोनदा झाल्यावर तिने मनाशी ठरवलं, की आता हा खोकला पुडीचाच.

डॉक्टर फुगवट्याखाली पोचले. हात भरून आले. त्यांनी खोकून पाहिलं. मग जीव तोडून खोकले. बायकोने समजूतदारपणे आणखी थोडा दोर सैल दिला.

डॉक्टरांचे हात सुटले. वजनाने ते बायकोच्या जवळजवळ दुप्पट. दोर वरच्या बोल्टातून फिरलेला, त्यामुळे ते खाली आले तशी दुसऱ्या टोकाला ती वर उचलली गेली, आणि मध्यावर दोघं नाकासमोर नाक अशी लोंबकळत राहिली. कुठे लागलं नव्हतं. पण खुर्ची बरोबर समोर होती, आणि डॉक्टरांनी दोन्ही हातांनी दोर धरलेला, तोंड लपवायला एकही हात मोकळा नव्हता.

“बाबा,” ते कसेबसे म्हणाले, “तो फोटो माझा नाही. मी खोटं बोललो. आज घरी गेलात की काढून टाका भिंतीवरून.”

“का म्हणून?” सासरे म्हणाले. “लहानपणी फडताळावर चढताना डावा पाय अस्साच वाकडा टाकायची ही. बघताक्षणी ओळखला मी. माझ्या मुलीचा फोटो आहे म्हणून तर लावलाय.”

डॉक्टरांचे कान तापले. बायको कातळाकडे बघत हसू दाबत होती.

“उतरा आता,” सासऱ्यांनी खुर्ची जरा पुढे सरकवली. “आणि तिला चढू द्या. मी तेवढ्यासाठीच आलोय.”

दोघं जमिनीवर आली. दोराची टोकं बदलली. डॉक्टरांनी मान खाली घालूनच विचारलं, “घट्ट धरू का?”

“सैल,” ती म्हणाली, आणि डावा पाय वाकडा टाकून निघाली.