दोन मिनिटे, मध्ये न बोलता

माणूस एका दिवसात सुधारत नाही. त्याला रोज थोडेथोडे सुधारावे लागते आणि त्याची नोंदही ठेवावी लागते. नाहीतर सुधारणा झाली की नाही हे शेजाऱ्यांचे सोडाच, खुद्द त्या माणसालाही कळत नाही.

वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकाला हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पटले. सव्वीस वर्षे तो दुकानदारांचे तराजू तपासत होता. काटा केसभर कलला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःचे आयुष्य तपासायला घ्यायचे मात्र राहून गेले होते. खात्याच्या शिबिरात व्याख्याते म्हणाले, रोज फक्त दोन मिनिटांची एक छोटी सवय लावा, आयुष्य मार्गी लागेल. एका सवयीने एवढे होत असेल तर बेचाळीस सवयींनी किती होईल, हे निरीक्षकाने चहाच्या सुट्टीतच काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. उठल्यावर कोमट पाणी पिणे. अंथरूण नीट करणे (पत्नी झोपलेली असल्यास तिच्यासकट). एका पायावर उभे राहून दात घासणे. दूरच्या झाडाकडे पाहणे (झाड नसल्यास खांब चालेल). अनोळखी माणसाकडे पाहून हसणे. घरातली एक नको असलेली वस्तू कमी करणे. असे करत बेचाळीस. प्रत्येकी दोन मिनिटे म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे, आणि खूण करायला प्रत्येकी एक म्हणजे आणखी बेचाळीस. सुधारलेल्या आयुष्यातून रोजचे दोन तास सहा मिनिटे वजा झाले, पण ते काही वाया गेले असे म्हणता येणार नाही.

परिणाम पहिल्या महिन्यातच दिसू लागले. तोल अठरा टक्क्यांनी सुधारला. हसण्याबद्दल दोन तक्रारी आल्या, आणि समोरच्या औषधवाल्याने ‘साहेब, तब्येत बरी आहे ना?’ असे आडून विचारले. कशातही खंड पडला नाही, हे मुख्य.

सदतिसावी सवय होती, ‘घरच्या माणसाचे मध्ये न बोलता ऐकणे’. वेळ सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. निरीक्षकाची पत्नी शाळेत गणित शिकवायची. लग्नाला चोवीस वर्षे झाली होती आणि तिचे वाक्य या घरात शेवटापर्यंत पोचण्याची ही पहिलीच वेळ होती. पहिले काही दिवस ती हरखून गेली. मग एका सोमवारी ती हातात पत्र घेऊन समोर बसली.

‘अहो, संस्थेनं मला मुख्याध्यापिका केलंय. पण दुसऱ्या गावच्या शाळेत. गाडीनं सात तास लागतात. वीस तारखेच्या आत कळवायचंय. काय करू?’

निरीक्षकाने मध्ये एक अक्षर काढले नाही. मान हलवली, नजर ढळू दिली नाही. दोन मिनिटे होताच घड्याळ वाजले. त्याने खूण केली आणि तो अडतिसाव्या सवयीला, म्हणजे मीठपाण्याच्या गुळण्यांना गेला. तोंडात पाणी घेऊन उत्तर देता येत नाही, हे कोणीही मान्य करील.

बुधवारी तिने पुन्हा विचारले. तेव्हाही त्याने उत्तम ऐकले.

अठरा तारखेला ती बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. ‘मला जायचंही आहे, आणि तुम्ही अडवावं असंही वाटतंय. नाहीतर बदली मागून तुम्हीच चला तिकडे. काहीही म्हणा, भांडा हवं तर. पण बोला हो काहीतरी.’

निरीक्षकाला ‘नको जाऊस’ म्हणायचे होते, ‘मी पण येतो’ असेही म्हणायचे होते, आणि दोन्ही अगदी ओठांवर होते. पण घड्याळात अजून चाळीस सेकंद होते आणि मागे सत्तेचाळीस दिवसांची अखंड मालिका होती. शिवाय ‘ऐकलेल्याला उत्तर देणे’ ही सवय त्याने पुढच्या तिमाहीसाठी राखून ठेवली होती. सगळेच एकदम अंगावर घेतले की काहीच टिकत नाही, असे व्याख्यात्यांनी बजावले होते.

‘बरं,’ ती म्हणाली. घड्याळ त्यानंतर वाजले.

रविवारी ती गेली. स्टेशनावर सोडायला तो गेला होता (चालणे, दोनशे पावले, खूण). घरी येऊन त्याने तिचे कपाट उघडले आणि मोजले, तर एकूण त्रेसष्ट वस्तू कमी झाल्या होत्या. रोज एक या दराने नऊ आठवड्यांचे काम एका दिवसात उरकले होते. त्याने त्रेसष्ट खुणा केल्या.

सात वाजून दहा मिनिटांनी तो खुर्चीत बसला. घरात कोणी बोलले नाही, त्यानेही कोणाला मध्येच तोडले नाही. दोन मिनिटांनी घड्याळ वाजले तेव्हा तो रडत होता. रडण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून ती नोंद झालेली नाही.

खात्याने त्याची चिकाटी पाहून तक्त्याच्या चारशे प्रती सर्व कार्यालयांना पाठवल्या आहेत. पत्नीचा फोन अधूनमधून येतो. ती बोलते, आणि तो फार चांगले ऐकतो.

यावरून निरीक्षकाला नावे ठेवण्याची घाई मात्र वाचकाने करू नये. हाती घेतलेले मध्येच न सोडता शेवटपर्यंत वाचणे हीही मोठी चांगली सवय आहे, आणि ती आपल्याला आहे हे एव्हाना सिद्ध झाले. वाचता वाचता घरातले कोणीतरी आपल्याला काही विचारून गेले, आणि आपण मान वर न करता ‘हं’ म्हणालात. प्रश्न काय होता, तेवढे सांगा.